रेखीव अक्षरांचा मॉनिटर

दुकानात येणारा जो तो मला एकच प्रश्न विचारायचा. "डॅग्नी, मॉनिटर कुठला घेऊ?" आणि मी प्रत्येकाला ठरलेलं उत्तर द्यायचे, तेही त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत. लिहायचंय ना, मग हिरवा घ्या. खेळ खेळायचेत, मग रंगीत घ्या, आणि डोकं दुखलं तर माझ्याकडे येऊ नका. चौऱ्याऐंशी साली अमेरिकेतल्या आमच्या डुलुथमध्ये कॉम्प्युटरमधलं कळणारी मी एकटीच, निदान माझा तरी तसा समज होता. त्यामुळे मी म्हणेन ती पूर्व दिशा. त्या तोऱ्यात मी आर्विड स्काऊगेन या माणसाचं काय नुकसान केलं ते आज सांगून टाकते. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची झालेय आणि हे पोटात ठेवून ठेवून कंटाळले आहे.

आर्विड आमच्या गावच्या वर्तमानपत्रात जुळारी होते, छपाईची अक्षरं जुळवणारे. चौतीस वर्षं. वितळलेल्या शिशातून अख्खी ओळ ओतून काढणारं ते मशीनचं काळं धूड, त्याच्यापुढे बसून या माणसाने गावातल्या प्रत्येकाचा जन्म, लग्न आणि मरण जुळवलं. माझ्या लग्नाची बातमी आईने चुकीच्या आडनावानिशी लिहून दिली होती, ती यांनी परस्पर दुरुस्त केली आणि वर आईला कळूही दिलं नाही. पुढे छपाईतलं शिसं गेलं, फिल्म आली, आणि सत्तावन्नाव्या वर्षी आर्विड घरी बसले. बोलणं कमी. आमच्याकडे तसं कुणीच फार बोलत नाही, पण आर्विड त्यातही कमी. कसं काय चाललंय म्हटलं की "वाईट नाही." घराला आग लागली असती तरी अंगणात उभं राहून त्यांनी तेच सांगितलं असतं.

माझ्या वडिलांशी त्यांची दोस्ती. हे दुकान मुळात वडिलांचं, टाइपरायटरांचं. आर्विड शनिवारी यायचे, काउंटरपाशी टेकून उभे राहायचे, आणि दोघं मिळून तासभर काहीही बोलायचे नाहीत. जाताना मला म्हणायचे, "येतो, पोरी." वडील गेले, टाइपरायटर गेले, मी कॉम्प्युटर आणले, चव्वेचाळिशीला आले, तरी मी त्यांची पोरीच राहिले.

आता जे सांगते ते मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. पण तुम्हाला आधी सांगायला हवं, नाहीतर मी किती मूर्ख होते ते तुमच्या लक्षात यायचं नाही.

आर्विड आणि त्यांची बायको गुद्रुन यांना दोन मुलं. थोरली मार्लिस, ती लग्न होऊन टकोमाला गेली. धाकटा निल्स. त्रेपन्न सालच्या मार्चमध्ये आर्विड सात वर्षांच्या निल्सला घेऊन खाडीच्या बर्फावर मासे धरायला गेले होते. बर्फ अजून धरून असेल असं त्यांना वाटलं होतं. ते एकटेच परत आले. मी तेरा वर्षांची होते, अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात आईबरोबर कपबश्या विसळत होते, आणि तिथे जमलेल्या दोनशे माणसांपैकी एकानेही निल्सचं नाव उच्चारलं नाही. आम्हाला वाटतं नाव काढलं नाही की दुःख कमी होतं. त्या घरातही पुढची एकोणतीस वर्षं ते नाव कुणी काढलं नाही. गुद्रुनने नवऱ्याला कधी विचारलं नाही की तू त्याला का नेलंस, आणि आर्विडनी तिला कधी विचारलं नाही की तू मला माफ केलंस का. एका टेबलाशी जेवले, एका बाकावर बसून प्रार्थना म्हटल्या, एकत्र म्हातारे झाले.

फक्त चोपन्न सालच्या जानेवारीपासून गुद्रुन रोज दोन ओळी लिहायला लागली. खिशात मावतील अशा छोट्या डायऱ्या, वर्षाला एक, पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात. ब्याऐंशीच्या नोव्हेंबरमध्ये ती कॅन्सरने गेली. जायच्या आदल्या आठवड्यात तिने आर्विडना सांगितलं, "मी गेल्यावर माझ्या वह्या वाच. तू एकट्याने." एकोणतीस वह्या. आर्विडना जे आयुष्यभर विचारायचं होतं त्याचं उत्तर त्यांतल्या कुठल्या तरी वहीत असणार होतं. आणि त्यांचे डोळे जात होते. डॉक्टरने सांगितलं होतं, आधी मधलं पुसत जाईल, मग कडेचंही, वाचण्यापुरतं दिसेल ते फार तर दोन वर्षं. हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, मार्लिसलासुद्धा नाही.

तर असा माणूस चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये, बूट झटकून, टोपी हातात घेऊन माझ्या दुकानात आला.

"लिहायचं मशीन हवंय," ते म्हणाले. "गुद्रुनच्या जुन्या वह्या आहेत. उतरवून काढायच्यात."

"मग विचार कसला करताय? हिरवा घ्या."

"एवढ्यात ठरलं?"

"माझं ठरलेलंच असतं. हे बघा, मॉनिटर नुसता दाखवायचं काम करतो. अक्षर काढतं ते आतलं कार्ड. हिरव्याला हिरव्याचं कार्ड, रंगीताला रंगीताचं. वायरीचं तोंड दोघांचंही दिसायला सारखंच, म्हणून लोक घरी जाऊन याची त्याला लावतात आणि मग मॉनिटरमधून धूर निघाला म्हणून मला फोन करतात. तुम्ही असलं काही करायचं नाही."

"नाही करणार."

मी हिरवा सुरू केला. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं उभी राहिली, एका ओळीत ऐंशी, बारीक आणि रेखीव. मला त्या अक्षरांचा खरोखर अभिमान होता, जसं काही मीच ती घडवली होती. "बघा, याला म्हणतात ठसा. तुमच्यासारख्या जुळाऱ्याला दुसरं काय दाखवणार?"

आर्विड पुढे वाकले. बराच वेळ वाकून होते. मग मान थोडी तिरकी करून म्हणाले, "स्वच्छ आहे." आणि जरा थांबून, "रंगीतावर कशी येतात अक्षरं?"

मी हसले. होय, हसले. "तुम्ही विचारता हे? ओबडधोबड येतात. ठिपके मोजून घ्या. त्यात चाळीस अक्षरांची ओळ करायची सोय आहे, ती तर विचारूच नका. एकेक अक्षर दुप्पट रुंद, जाडजूड, बालवाडीच्या फळ्यावर काढल्यासारखं. लहान मुलांना शिकवायला बरं पडतं."

"मोठी दिसतात म्हणजे."

"मोठी कसली, बेढब."

रंगीत मॉनिटर शेजारीच होता, बंद. आर्विड त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"दाखवू का लावून?" मी विचारलं.

"नको, नको. तुझा वेळ कशाला घालवतेस."

"त्यात काय, कार्ड आहे लावलेलं."

"राहू दे गं. नको."

आमच्या गावात तीनदा विचारतात. पहिलं "नको" ही रीत असते, दुसरं "नको" ही भीड असते, आणि तिसऱ्यांदा विचारलं की माणूस "बरं, अर्धा कप घेतो" म्हणतो. कॉफीच्या बाबतीत मी हे जन्मात विसरले नसते. त्या दिवशी विसरले. फोन वाजत नव्हता, दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, घाई कसलीच नव्हती. मला तो रंगीत मॉनिटर आवडत नव्हता, बस्स. चांगला रेखीव ठसा सोडून शहाण्या माणसाला भोंगळ अक्षर दाखवायला माझे हात धजावले नाहीत. आर्विड क्षणभर वाट बघत थांबले होते. मी तिसऱ्यांदा विचारेन याची वाट बघत होते, हे कळायला मला सात महिने लागले.

"मग हिरवाच दे," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात मी टेकडीवरच्या त्यांच्या घरी सगळं जोडून दिलं. जेवणाच्या टेबलावर मशीन, शेजारी प्रिंटर. त्यांनी एक दणदणीत दिवा आणून ठेवला होता आणि त्याखाली भिंग. जुळाऱ्याकडे भिंग असायचंच, मला त्यात काही वावगं दिसलं नाही. पडद्याकडे ते मान वाकडी करून बघत होते. मी म्हटलं, "मानेला वारा लागलाय वाटतं, शेक घ्या." ते म्हणाले, "घेतो." मग मी त्यांच्या हातचे दोन कप कॉफी प्यायले, गुद्रुनच्या पद्धतीची लेफ्सा, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, लोणी-साखर लावून खाल्ली, आणि एक चांगलं काम केल्याच्या आनंदात घरी आले.

एप्रिलपासून ते दर दुसऱ्या सोमवारी दुकानात यायला लागले. कागद हवा, प्रिंटरची फीत हवी. मला वाटलं म्हाताऱ्याने भलताच वेग घेतला. "अहो, पुस्तक काढताय की काय?" मी चिडवायचे.

"वाईट चाललेलं नाही."

"हिरवा घेतलात म्हणून. रंगीत घेतला असता तर आत्तापर्यंत डोळे गेले असते तुमचे."

हे वाक्य मी बोलले आहे. काउंटरवर हात टेकून, हसत हसत. ते त्यावर फक्त "असेल" म्हणाले आणि कागदाचा खोका उचलून निघाले. दारापाशी त्यांचा खांदा चौकटीला लागला. मी म्हटलं, सांभाळून.

चर्चच्या तळघरात मी बायकांना सांगत सुटले की स्काऊगेनना मी असं मशीन निवडून दिलंय, की त्यांचे कागद पुरत नाहीत. उन्हाळाभर ही बढाई चालू होती. स्ट्रॉबेऱ्या येऊन गेल्या, पर्यटक येऊन गेले, धुकं आलं, आणि मी आर्विडना कागद विकत राहिले.

ऑक्टोबरमध्ये दोन सोमवार ते आले नाहीत. दुसऱ्या सोमवारनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी मीच एक खोका आणि दोन फिती गाडीत टाकून टेकडीवर गेले. स्वयंपाकघराचं दार नेहमीसारखं उघडं होतं. हाक मारत आत शिरले, पण प्रिंटर करकरत होता, त्यांना ऐकू गेलं नाही.

आर्विड टेबलाशी उभे होते. दोन्ही हात टेबलावर टेकून इतके वाकले होते की नाक काचेला लागलं होतं. उजव्या डोळ्याला भिंग. ते भिंग पडद्यावरून बोटभर बोटभर सरकत होतं, एका ओळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत, मग पुन्हा मागे, आणि त्यांचा सगळा चेहरा हिरवा झाला होता. मी तिथेच उभी राहिले. टेबलावर, खुर्चीवर, खाली जमिनीवर छापलेल्या कागदांचे ढीग होते. जवळचा एक कागद उचलला. एकसष्ट सालच्या फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. उणे एकवीस. ब्रेड केला. गायनाला गेले. आर्विडला खोकला. चुका ठायी ठायी, आणि प्रत्येक चुकीवर लाल पेन्सिलीची खूण, प्रुफं तपासताना करतात तशी व्यवस्थित. खालचा कागद उचलला, तोच आठवडा. त्याखालचा, तोच. मी मोजले. एक आठवडा नऊ वेळा छापला होता.

"आर्विड," मी म्हटलं.

ते दचकून सरळ झाले. "कोण, डॅग्नी? बस. कॉफी टाकतो."

"कॉफी मरू दे. डोळ्यांना काय झालंय?"

"वाईट नाहीत."

"आर्विड, मी विचारतेय."

ते खुर्चीवर बसले, त्याआधी खुर्ची हाताने चाचपली. मग त्यांनी सांगितलं. एका दमात, बातमी वाचून दाखवावी तसं. डॉक्टर काय म्हणाला, गुद्रुन काय म्हणाली, निल्सचं नाव त्यांनी घेतलं, एकतीस वर्षांत मी ते पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं. "तुझा चेहरा दिसत नाही मला आता. केस दिसतात. वाढलेत."

मला हसावं की रडावं कळेना. "आणि हे कागद?"

"वही भिंगाखाली धरली की वाचता येते. कागदावर छापलं की तेही तपासता येतं. पण चूक सापडली की ती पडद्यावर कुठे आहे ते सापडत नाही. भिंगाखाली नुसत्या हिरव्या काड्या नाचतात. म्हणून पान पहिल्यापासून टाइप करतो. कधी चारदा लागतं, कधी पाचदा. हल्ली जास्त लागतं."

"कुठवर आलात?"

"सात वह्या झाल्या. आठवी चालू आहे."

सात वह्या, पानाला चार-पाच वेळा. मनातल्या मनात मी गुणाकार केला. पडद्यावरचं त्यांना दिसत असतं तर तेवढ्याच महिन्यांत, तेवढ्याच कागदांत, एकोणतीसच्या एकोणतीस वह्या कधीच झाल्या असत्या. मी त्यांचे सात महिने खाल्ले होते. त्यांच्याकडे होते तेच मोजके महिने, आणि ते मी खाल्ले, वर कागद विकून.

"मार्चमध्येच का नाही बोललात?" मी ओरडलेच त्यांच्यावर. अपराध माझा, आणि ओरडत होते त्यांच्यावर. "मोठं अक्षर हवंय एवढं तोंडातून निघत नव्हतं? चाळीस अक्षरांची ओळ तिथल्या तिथे लावून दिली असती मी."

"तू इतक्या हौसेने दाखवत होतीस," ते म्हणाले. "आणि ठसा खरंच चांगला होता गं. चौतीस वर्षं मी सगळ्यात बारीक अक्षर जुळवलं. मग तुझ्यासमोर उभं राहून बालवाडीचं अक्षर दे असं कसं म्हणू?"

मी खाली बसले, कागदांच्या ढिगावरच. "निल्सचं काही आलं का वहीत?"

"अजून नाही. हवा, ब्रेड, माझा खोकला."

"मग टायपिंग सोडा ना. भिंगाने नुसतं वाचत चला, लवकर होईल. नाहीतर शेवटचीच वही काढा आधी."

"नुसतं वाचलेलं माझ्या डोक्यात राहत नाही, पोरी. बोटांतून गेलं की मग कळतं. नोकरीने तशी सवय लावली. आणि गुद्रुन काही पानभर लिहिणारी नव्हे. लिहिलं असेल तर एका शब्दात असेल, तो निसटला की संपलं. आणि तिने क्रमाने लिहिलंय, मी शेवटी उडी मारून कसं चालेल?"

"मी वाचून दाखवते."

"नको."

"रोज दुकान बंद केलं की येईन."

"नको, डॅग्नी."

या वेळी मी तिसऱ्यांदा विचारलं. त्यांचा हात धरून विचारलं. "आर्विड, मला वाचू द्या. मी कुणाला काही बोलणार नाही."

"तसं नाही," ते म्हणाले. "तिने मला बोल लावला असेल, तर तो मला तिच्याकडून घ्यायचाय. तुझ्या आवाजात नको. तुझ्या तोंडून ऐकला तर तू मला दोष दिलास असं वाटेल, आणि तू तर चांगली पोर आहेस. आणि माफ केलं असेल तर तेही मला दुसऱ्याकडून नको. तिने एकट्याने वाच म्हटलंय." तिसरं "नको" हे खरं होतं. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. त्या वह्यांत निल्सबद्दल काय होतं ते आजही कुणाला ठाऊक नाही. पुढच्या वसंतात मार्लिसने त्या न उघडता त्यांच्या शवपेटीत, त्यांच्या हाताशी ठेवल्या. तसं ते सांगून ठेवून गेले होते.

पण त्या ऑक्टोबरच्या दुपारी मला अजून वाटत होतं की हे दुरुस्त करता येईल. मी म्हटलं, "मग मी मोठं अक्षर आणते. हिरवा काढू, रंगीत लावू. शाळेच्या मुलांसाठी लिहायचा एक साधा प्रोग्राम आहे, तो चाळीस अक्षरांत चालतो. काळ्यावर पिवळी अक्षरं, बोटाएवढी. चालेल?"

"तुला उगाच त्रास."

"आर्विड, आता एक शब्द बोलू नका."

दुकानातला रंगीत मॉनिटर जुलैतच एका दातांच्या डॉक्टरने मुलांसाठी नेला होता. मिनिआपोलिसच्या पुरवठादाराला फोन केला, आठवडा लागेल म्हणाले. आठवड्याने म्हणाले, मॉनिटर आलाय पण कार्ड नाही. मग कार्ड आलं तर वादळाने रस्ता बंद. मी रोज फोन करायचे, रोज त्या बिचाऱ्या माणसाला शिव्या घालायचे, आणि त्याला कळेना की ही बाई एका कार्डासाठी इतकी जीव टाकून का भांडतेय. एकूण साडेतीन आठवडे गेले. नोव्हेंबरच्या एका शनिवारी दुपारी मी दोन्ही खोकी घेऊन टेकडीवर पोचले.

आर्विडनी दाढी केली होती. गळ्याजवळ दोन ठिकाणी कापलं होतं. टेबल लखलखीत पुसून ठेवलं होतं, कागदांचे ढीग भिंतीला लावून रचले होते, आणि एकसष्टची वही खुणेची फीत घालून कीबोर्डाशेजारी उघडी ठेवली होती. त्यांनी मला कॉफी ओतून दिली, कपाच्या काठाआत बोट धरून. कॉफी बोटाला लागली तेव्हा ओतायचे थांबले. मी ते पाहिलं आणि स्वतःला म्हटलं, म्हातारी माणसं काळजी घेतात, त्यात काय एवढं.

पेटीचं झाकण काढलं, हिरव्याचं कार्ड उपसलं, रंगीताचं दाबून बसवलं. आत बारके खटके असतात, कुठला मॉनिटर लावलाय ते मशीनला सांगायला, ते पेन्सिलीच्या टोकाने फिरवले. हात चालू होते तसं तोंडही चालू होतं, कारण गप्प बसले असते तर रडले असते. "चाळीसच अक्षरं ओळीला. आता चूक कुठे आहे ते खोलीच्या त्या टोकावरून दिसेल तुम्हाला. पान एकदाच टाइप करायचं. दिवसाला दहा-दहा आठवडे होतील. सहा महिन्यांत ब्याऐंशीला पोचाल."

"बालवाडी," आर्विड म्हणाले.

"हो, बालवाडी. आणि मी मूर्ख."

"तसं म्हणू नये."

वायरी जोडल्या, प्रोग्रामची डिस्क सरकवली, आणि टेबलामागे वाकून भिंतीतली पिन लावली. मग मशीनचं बटण वर केलं. पंखा घुरघुरला, बारीक पिप् झालं, डिस्क कुरकुरत वाचायला लागली. मी अजून टेबलामागेच वाकलेली होते.

"अरे वा," आर्विडचा आवाज आला. "केवढी मोठी आहेत."

"दिसतायत?"

"तर. लख्ख. हे आधीच घ्यायला हवं होतं, चूक माझीच. फार चांगलं काम केलंस, डॅग्नी. पिवळा रंग डोळ्यांना अगदी बरा वाटतो."

माझ्या जिवात जीव आला. हात पुसत पुसत मी टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले आणि पडद्याकडे पाहिलं.

पडदा काळा होता. हिरवा मॉनिटर मशीनमधूनच वीज घ्यायचा, मशीन सुरू केलं की आपोआप उजळायचा. मला सवय ती. रंगीताला स्वतःचं वेगळं बटण असतं, समोर, ओढायचं. ते मी ओढलेलंच नव्हतं.

आर्विड त्या काळ्या काचेकडे बघून हसत होते. खरं तर काचेकडेही नाही, तिच्या जरा डावीकडे. माझ्यासाठी हसत होते. साडेतीन आठवड्यांत उरलंसुरलं पुसलं गेलं होतं, आणि मी वाईट वाटून घेऊ नये म्हणून हा माणूस मला सांगत होता की अक्षरं छान आहेत.

माझा हात बटणाकडे गेला आणि अर्ध्यावरून मागे आला. ते ओढलं असतं तर खटका वाजला असता, आणि तो त्यांना ऐकू गेला असता.

"हो," मी म्हटलं. "छान उमटलीत."

"मग सुरू करावं म्हणतो. तू बस ना थोडा वेळ."

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. आर्विडनी कीबोर्डाच्या कडा चाचपल्या, बोटं जागेवर ठेवली, मग डावा हात उघड्या वहीवर नेला आणि पानावर सपाट ठेवला. "फेब्रुवारीचा तिसरा आठवडा," ते म्हणाले, आणि थांबले. गुद्रुनची वही माझ्यापासून हातभर अंतरावर होती, पेन्सिलीचं अक्षर न् अक्षर मला दिसत होतं. मी मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघत बसले.